बुलबुलाचे घरटे रिकामे झाले, टिटवीची अंडी अजून आहेत: किती जवळ जावे, किती वेळा जावे?

प्रश्न

गेली तीन वर्षे मी विणीच्या हंगामात घरटी शोधते, त्यांच्यावर लक्ष ठेवते आणि जे दिसेल ते वहीत लिहून ठेवते. हे मी कोणाकडून रीतसर शिकलेले नाही. दुर्बीण, वही आणि मोकळा वेळ एवढ्यावरच आजवर चालले आहे. या वर्षी जे घडले त्याने मात्र मी अस्वस्थ झाले आहे, आणि अनुभवी मंडळींनी आडपडदा न ठेवता सांगावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

एका काटेरी झुडपात, साधारण छातीच्या उंचीवर, लालबुड्या बुलबुलाचे घरटे मला सापडले तेव्हा त्यात तीन अंडी होती. मी रोज सकाळी आणि संध्याकाळी तिथे जात होते. घरटे पानांआड असल्यामुळे एक फांदी हाताने बाजूला करूनच आत पाहता येत असे. पाहून झाले की फांदी सोडून मी आल्या वाटेने परतत असे. तिन्ही अंड्यांतून पिल्ले निघाली. डोळे मिटलेली, अंगावर पिसांचा मागमूस नसलेली ती पिल्ले फांदी हलताच माना ताणून चोची उघडत, आणि खरे सांगायचे तर ते पाहण्यासाठीच माझ्या फेऱ्या वाढल्या. चौथ्या दिवशी सकाळी घरटे रिकामे होते. वाटीचा आकार शाबूत होता, पण आतले अस्तर उचकटून वर आलेले होते. आदल्या दोन दिवसांत शेजारच्या झाडावर एक कावळा बसलेला मी पाहिला होता, वहीत तशी नोंदही आहे, पण तिचा अर्थ तेव्हा लक्षात आला नाही. पिल्ले माझ्या येण्याजाण्यामुळे गेली का, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न टिटवीचा आहे. खडकाळ माळावर, एका उथळ खळग्यात तिची चार अंडी आहेत, निमुळती टोके आतल्या बाजूला केलेली. मी माळावर पाऊल ठेवले की दोन्ही पक्षी ओरडू लागतात आणि मी निघून जाईपर्यंत थांबत नाहीत, त्यामुळे उबवणारा पक्षी अंड्यांवर बसलेला मला अजून एकदाही नीट पाहता आलेला नाही. किती अंतरावर थांबावे, दिवसाच्या कोणत्या वेळी जावे आणि किती दिवसांनी जावे? माणसाचा हात लागला की पक्षी अंडी किंवा पिल्ले टाकून देतात, असे लहानपणापासून ऐकले आहे. त्यात तथ्य किती? आणि वहीत नेमके काय लिहिले म्हणजे त्या नोंदी माझ्या आठवणीपलीकडे कोणाच्या तरी उपयोगी पडतील?

पहिले उत्तर

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती लवकर मिटण्यासारखी आहे. हाताचा वास लागला म्हणून आईबाप पिल्ले टाकतात, ही समजूत खरी नाही. घरट्यातून खाली पडलेले उघडेनागडे पिल्लू उचलून परत ठेवले तर आईबाप त्याला पूर्ववत भरवतात. पक्षी घरटे सोडतात ते वासामुळे नव्हे, तर जागा धोक्याची झाली असे त्यांच्या अनुभवाला आल्यामुळे, आणि हा अनुभव हात न लावताही आपण त्यांना देऊ शकतो.

घरटे सोडून जाण्याची शक्यता सगळ्या काळात सारखी नसते. काड्या आणणे चालू असताना, अंडी घालण्याच्या दिवसांत आणि उबवण्याच्या पहिल्या काही दिवसांत ती सर्वांत जास्त असते, कारण तोवर पक्ष्यांची त्या घरट्यात फारशी गुंतवणूक झालेली नसते आणि दुसरीकडे नव्याने सुरुवात करणे त्यांना परवडते. पिल्ले निघाली की आईबाप सहसा हटत नाहीत. म्हणून घरटे बांधताना दिसले तर मी तिकडे पाठ फिरवतो आणि आठवड्याने लांबून पाहतो. हा संयम मला फार उशिरा आला.

आता बुलबुलाबद्दल. तुमच्यामुळेच पिल्ले गेली, असे ठामपणे कोणी सांगू शकणार नाही. अस्तर उचकटलेले दिसले म्हणजे सस्तन प्राणी, आणि घरटे जसेच्या तसे राहिले म्हणजे साप किंवा पक्षी, असा एक ठोकताळा सांगितला जातो. पण घरट्यांवर कॅमेरे लावून जे अभ्यास झाले त्यांत हा ठोकताळा वारंवार चुकलेला दिसतो. लहान पक्ष्यांची बरीचशी घरटी माणूस फिरकला नाही तरीही कावळे, भारद्वाज, साप, मुंगूस, मांजर यांच्या तोंडी जातात. तरीसुद्धा तुमच्या वर्णनातल्या तीन गोष्टी धोका वाढवणाऱ्या आहेत.

पहिली गोष्ट फेऱ्यांची. पक्षी-अभ्यासक अलेक्झांडर स्कच यांनी १९४९ साली असा विचार मांडला की आईबापांच्या स्वतःच्या येरझाऱ्यांमुळेही भक्षकाला घरट्याचा ठावठिकाणा लागतो, आणि उष्ण प्रदेशातले पक्षी कमी अंडी घालतात त्यामागे हे एक कारण असावे. जिथे आईबापांच्या हालचालींनाही हा हिशेब लागू होतो, तिथे दिवसातून दोनदा येऊन त्याच झुडपापाशी थबकणारे माणूस कावळ्याच्या नजरेतून सुटेल, असे मानता येत नाही. कावळा माणसाकडे बारकाईने पाहतो. तो जवळपास दिसला तर त्या दिवशी घरट्याकडे जायचेच नाही, हा माझा नियम आहे आणि त्याला मी अपवाद करत नाही.

दुसरी गोष्ट वाटेची. घरट्यापर्यंत जाऊन आल्या पावली परतले की ती वाट बरोबर घरट्यापाशी संपते, आणि वाकलेले गवत तेवढेच सांगते. त्याऐवजी चालत यावे, घरट्याशेजारून जाताना एक दृष्टिक्षेप टाकावा आणि न थांबता पुढे निघून दुसऱ्या बाजूने बाहेर पडावे; पुढच्या वेळी वेगळ्या दिशेने यावे. दोन-तीन रिकाम्या झुडपांपाशीही तसेच रेंगाळावे, म्हणजे पाहणाऱ्याला एकच जागा खास वाटत नाही.

तिसरी गोष्ट फांदीची, आणि माझ्या मते ती सर्वांत गंभीर आहे. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिंबर्गेन आणि क्युनेन यांनी १९३९ साली कस्तुरवर्गातल्या पक्ष्यांच्या पिल्लांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. डोळे उघडण्यापूर्वी पिल्ले घरट्याला बसलेल्या हलक्याशा धक्क्यावरच चोची उघडतात आणि माना सरळ वर ताणतात. डोळे उघडल्यानंतर काही दिवसांनी ती समोर दिसणाऱ्या वस्तूच्या रोखाने माना वळवू लागतात. म्हणजे तुम्ही फांदी हलवत होता तेव्हा त्या पिल्लांना आई आल्याचाच संकेत मिळत होता. पिल्लांनी चोची उघडणे हे तुमच्या स्वागतासाठी नव्हते, ती भूक होती, आणि प्रत्येक वेळी ती निष्फळ जात होती. शिवाय बाजूला केलेली फांदी पुन्हा पूर्वीच्या जागी येतेच असे नाही. पानांची सावली चार बोटे सरकली तरी उघड्या अंगाच्या पिल्लांवर दुपारचे ऊन थेट पडू शकते. छायाचित्रासाठी घरट्यापुढची पाने छाटणे तर मी अक्षम्यच मानतो.

उंचावरच्या किंवा पानांआडच्या घरट्यात पाहण्यासाठी काठीच्या टोकाला बांधलेला लहान आरसा पुरतो. त्यासाठीही एक मिनिटापेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. मोजणी तोंडाने करावी आणि लिहिणे दूर गेल्यावर करावे. तीन-चार दिवसांतून एक फेरी पुरेशी असते. पहाटेच्या गारव्यात, भर दुपारी, पावसात आणि तिन्हीसांजेला जाऊ नये. पिल्लांच्या पिसांच्या नळ्या फुटून पिसे उलगडू लागली की जवळ जाणे पूर्ण थांबवावे. लहान पक्ष्यांत हे आठव्या-नवव्या दिवसाच्या सुमारास घडते, आणि त्यानंतर घाबरलेली पिल्ले उडता येत नसताना घरट्याबाहेर उड्या टाकतात. एकदा बाहेर पडलेली पिल्ले परत ठेवली तरी बसत नाहीत.

किती अंतरावर थांबावे याचा आकडा मी देत नाही, कारण तो पक्षी ठरवतो. एकदा मी बुलबुलाच्या घरट्यापासून पुरेसा लांब बसलो आहे, अशा समजुतीत होतो. जोडीतला एक पक्षी चोचीत हिरवी अळी धरून आला, घरट्यात न जाता वीतभर वरच्या फांदीवर थांबला, शेपटी खाली झटकली, तिथून पलीकडच्या फांदीवर गेला, पुन्हा पहिल्या फांदीवर आला. त्याची नजर माझ्याकडे होती. असे चार वेळा झाले आणि मग त्याने ती अळी स्वतःच गिळली. मी उठून आणखी चाळीस पावले मागे गेलो, झाडाच्या खोडाला टेकून बसलो, आणि काही मिनिटांत तो पुढचा घास घेऊन सरळ घरट्यात उतरला. चोचीत घास असलेला पक्षी घरट्यात शिरत नसेल तर आपण चुकीच्या जागी आहोत, हे त्या दिवशी मला कळले. त्या चाळीस पावलांनी मला जे दाखवले ते जवळून कधीच दिसले नसते: भरवून झाल्यावर त्याने पिल्लाच्या मागून पांढरी, पातळ आवरणाची विष्ठेची पिशवी चोचीत घेतली आणि ती दूर नेऊन टाकली. पिल्ले अगदी लहान असताना आईबाप ही पिशवी गिळूनही टाकतात.

दुसरे उत्तर

वरच्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, फक्त एका मुद्द्यावर वेगळे मत नोंदवतो. लांबून पाहणे सुरक्षित आहे हे खरे, पण घरट्यात किती अंडी होती, किती पिल्ले निघाली आणि किती उडाली हे लांबून नेहमी कळत नाही, आणि नेमके हेच आकडे पुढे उपयोगी पडतात. म्हणून मोजक्या, ठरवून केलेल्या फेऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. चूक होते ती उत्सुकतेपोटी वाढलेल्या फेऱ्यांची, ज्यांतून वहीत नवे काहीच येत नाही. अंडी तीन आहेत हे सोमवारी मोजले असेल तर मंगळवारी सकाळी पुन्हा मोजण्यात काय हशील, असा प्रश्न प्रत्येक फेरीपूर्वी स्वतःला विचारावा.

आता नोंदींविषयी. पक्ष्याचे नाव, तारीख, घड्याळातली वेळ, घरट्याची जमिनीपासूनची उंची, झाड किंवा झुडूप, अंड्यांची आणि पिल्लांची संख्या, पिल्लांच्या वाढीची अवस्था, आईबाप हजर होते की नाही, जवळ भक्षक दिसला का, एवढे प्रत्येक फेरीत लिहावे. काहीच बदल दिसला नाही तरी तसे लिहावे. ‘घरटे शाबूत, पक्षी अंड्यांवर’ ही ओळ कंटाळवाणी वाटली तरी सर्वांत मोलाची असते. त्याचे कारण जरा सविस्तर सांगायला हवे.

समजा, हंगामात तुम्हाला बुलबुलाची १२ घरटी सापडली आणि त्यांतली ५ मोडली. साधा हिशेब म्हणेल की १२ पैकी ७, म्हणजे सुमारे ५८ टक्के घरटी यशस्वी झाली. हा आकडा फुगलेला आहे. बरीच घरटी आपल्याला उशिरा सापडतात, म्हणजे ती सापडण्यापूर्वीच काही दिवस टिकलेली असतात. आणि जी घरटी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच नष्ट झाली ती आपल्याला सापडतच नाहीत, त्यामुळे ती हिशेबात येत नाहीत. पक्षी-अभ्यासक हॅरॉल्ड मेफिल्ड यांनी १९६१ साली यावर एक सोपा मार्ग सुचवला. घरट्यांची संख्या न मोजता, प्रत्येक घरटे आपल्या नजरेखाली किती दिवस होते ते मोजायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. वरच्या १२ घरट्यांची बेरीज १५० घरटे-दिवस झाली असे धरू. १५० दिवसांत ५ घरटी गेली, म्हणजे कोणतेही घरटे एखाद्या दिवशी नष्ट होण्याची शक्यता सुमारे ३.३ टक्के आणि त्या दिवशी टिकण्याची ९६.७ टक्के. उबवण्याचे आणि पिल्ले घरट्यात असण्याचे मिळून २६ दिवस धरले, तर ही रोजची शक्यता स्वतःशीच २६ वेळा गुणावी लागते आणि उत्तर ४१ टक्क्यांच्या आसपास येते. ५८ आणि ४१ यांत केवढा फरक आहे पाहा. तो काढता येतो तो केवळ तुमच्या त्या कंटाळवाण्या ओळींमुळे, कारण घरटे कोणत्या तारखेपर्यंत नक्की शाबूत होते हे त्यांतूनच कळते.

याच कारणासाठी बुलबुलाच्या रिकाम्या घरट्याची नोंद फाडून टाकू नका. हातून काही निसटले असे वाटत असले तरी, मोडलेल्या घरट्यांच्या नोंदी लपवल्या गेल्या तर उरलेल्या नोंदी खोट्या चित्राकडे नेतात. तुमच्या फेऱ्यांची संख्याही प्रामाणिकपणे लिहा.

लांबून पाहताना करण्यासारखे कामही पुष्कळ आहे. एक तास ठरवून बसावे आणि त्या तासात किती वेळा भरवले, नराने किती आणि मादीने किती (जिथे दोघे रंगरूपाने वेगळे ओळखू येतात तिथे, दयाळासारखे, बुलबुलात हे डोळ्यांनी ओळखता येत नाही), घास अळीचा होता, नाकतोड्याचा की फळाचा, एवढेच लिहावे. फळांवर ताव मारणारा बुलबुल पिल्लांना सुरुवातीच्या दिवसांत मोठ्या प्रमाणावर किडे-अळ्या भरवतो. वाढत्या पिल्लांना प्रथिने लागतात, हे आपण वाचलेले असते, पण स्वतःच्या वहीत घासांची यादी तयार होते तेव्हा ते वेगळ्या प्रकारे समजते.

प्रश्नकर्तीचे पुढचे निवेदन, नऊ दिवसांनंतर

दोन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. बुलबुलाचे उत्तर वाचून वाईट वाटले, पण ते वाटायलाच हवे होते, आणि ती नोंद वहीत तशीच आहे.

टिटवीसाठी मी माळाच्या कडेच्या बांधाआड जागा निवडली. तिथून अंड्यांची जागा दीडशे पावलांहून लांब आहे. पहिल्या दिवशी मी बसल्यावर अकरा मिनिटांनी ओरडणे थांबले आणि एक पक्षी थेट न येता वाकडातिकडा चालत, मध्येच काही टिपल्यासारखे करत, खळग्यापाशी आला. त्याने अंगाखालची पिसे फुगवली, दोन-तीनदा अंग हलवले आणि तो बसला. तो क्षण पाहण्यासाठी तीन वर्षे लागली. उन्हाच्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसली: जोडीतला दुसरा पक्षी जवळच्या डबक्यात पोट बुडवून आला आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसला. मी भर दुपारी कधीही त्यांना उठवले नाही.

परंतु आज सकाळी दुर्बिणीतून पाहिले तेव्हा खळग्यावर कोणीच बसलेले नव्हते. अर्धा तास वाट पाहून, कावळा नाही याची खात्री करून, मी एकदाच जवळून गेले. अंडी नाहीत. फुटलेल्या कवचाचे मोठे तुकडे नाहीत, डाग नाहीत. दोन्ही टिटव्या मात्र नेहमीपेक्षा जास्त ओरडत होत्या आणि एक तर माझ्या डोक्यावरून झेप घेऊन गेली. हेही घरटे गेले का?

तिसरे उत्तर

वर्णनावरून मला तसे वाटत नाही, आणि तुम्ही तिथे पुन्हा जाण्यापूर्वी हे वाचावे म्हणून लगेच लिहिते आहे.

बुलबुलाची पिल्ले आंधळी आणि उघडी जन्मतात आणि जवळजवळ दोन आठवडे घरट्यातच राहतात. टिटवीचे तसे नाही. तिची पिल्ले डोळे उघडे ठेवून आणि अंगभर लव घेऊन अंड्यातून बाहेर येतात, अंग वाळले की चालू लागतात आणि पहिल्या दिवसाच्या आसपासच खळगा कायमचा सोडतात. आईबाप त्यांना भरवत नाहीत; ती स्वतःच टिपून खातात, आणि आईबापांचे काम ऊब देणे, सावली देणे आणि राखण करणे एवढे असते. म्हणून टिटवीचे घरटे यशस्वी झाले तरी ते तुम्हाला रिकामेच सापडणार. अंडी उबवण्यास साधारण चार आठवडे लागतात. तुमच्या वहीतल्या तारखांशी ताडून पाहा.

कवचाबद्दल. पिल्लू निघाल्यावर बरेच पक्षी कवचाचे तुकडे उचलून दूर टाकतात, कारण कवचाची आतली पांढरी बाजू लांबून चमकते. टिंबर्गेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या डोक्याच्या कुरव (गल) या पाणपक्ष्यांवर याच विषयाचे प्रयोग करून १९६२ साली ते प्रसिद्ध केले: ज्या अंड्यांजवळ फुटके कवच ठेवले होते ती भक्षकांनी अधिक प्रमाणात शोधून खाल्ली. त्यात मला सर्वांत हेलावून टाकणारा भाग असा की कुरव हे कवच लगेच उचलत नाही. वसाहतीतले शेजारी कुरव ओले, नुकतेच निघालेले पिल्लू गिळू शकतात, म्हणून पिल्लू वाळून लव फुलेपर्यंत आईबापांपैकी एक पक्षी जवळ बसून राहतो आणि मगच कवच न्यायला उठतो. दोन धोक्यांच्या मधली एवढीशी फट त्याला साधावी लागते.

पिल्ले निघाली किंवा अंडी खाल्ली गेली, याचा पुरावा बहुधा खळग्याच्या तळाशी मिळतो. पिल्लू आतून कवच टोचत असताना तांदळाच्या कणीएवढे किंवा त्याहूनही बारीक तुकडे खाली पडतात आणि आईबापांनी मोठे तुकडे नेले तरी ते खड्यांमध्ये राहतात. भक्षकाने अंडे फोडले असेल तर सहसा वेडेवाकडे मोठे तुकडे किंवा वाळलेल्या बलकाचा डाग आढळतो, अर्थात सापाने किंवा कावळ्याने अख्खे अंडे नेले तर काहीच उरत नाही. हे बारीक तुकडे शोधायला आज जाऊ नका. पिल्ले पांगून आठवडा उलटला की जा. ते तिथेच असतील.

आज न जाण्याचे कारण तुम्हीच सांगितले आहे. अंडी असताना टिटवी सहसा माणूस दूर असतानाच गुपचूप उठते, मान खाली घालून पळत लांब जाते आणि तिथून ओरडते, म्हणजे ती जिथे ओरडते तिथे अंडी नसतात. डोक्यावरून झेप घेणे, सतत घिरट्या घालणे हे बहुधा पिल्ले जवळपास असल्याचे लक्षण असते. अंडी खाल्ली गेली असती तर एवढ्या त्वेषाने राखण्यासारखे तिथे काही उरले नसते. आईबापांची हाक ऐकताच पिल्लू जिथे असेल तिथे जमिनीला चिकटून बसते आणि हलत नाही. मातकट, काळ्या ठिपक्यांची त्याची पाठ खड्यांत अशी मिसळते की मी एकदा दुर्बिणीतून पिल्लू बसताना पाहिले, नजर न काढता त्याच जागेकडे पाहत राहिले, आणि तरीही ते पुन्हा उठेपर्यंत मला दगडच दिसत होता. हे लिहिताना थोडी भीतीही वाटते, कारण अशा माळावर ‘जरा शोधून पाहू’ म्हणून फिरणाऱ्याच्या पायाखाली पिल्लू येणे सहज शक्य आहे आणि ते शेवटपर्यंत हलणार नाही.

तेव्हा बांधाआडच्या त्याच जागेवर सकाळी लवकर जाऊन बसा. ओरडणे थांबू द्या, आणि पिल्ले न शोधता मोठ्या पक्ष्यावर दुर्बीण ठेवा. तो एका जागी थांबून, पंख किंचित सैल सोडून, बुटका झाल्यासारखा बसला तर त्याच्या पोटाखाली पाहा. बहुतेकदा आधी पाय दिसतात, दोनापेक्षा जास्त.

प्रश्नकर्ती

आज साडेसहाला बसले. पावणेसातला ओरडणे थांबले. सात वाजून दहा मिनिटांनी टिटवी एका बसक्या दगडाच्या सावलीत थांबली आणि तिच्या पोटाखाली आठ पाय होते, दोन तिचे आणि सहा पिल्लांचे. चौथे पिल्लू दिसले नाही. मी आणखी तासभर तिथेच होते, एक पाऊलही पुढे टाकले नाही. वहीत ‘पिल्ले ३, चौथे अनिश्चित’ असे लिहिले आहे. परवा पुन्हा बसेन.

दुसरे उत्तर देणाऱ्याकडून

‘अनिश्चित’ हा शब्द तसाच ठेवा, नंतर अंदाजाने बदलू नका. चौथे पिल्लू दुसऱ्या पक्ष्याजवळ असू शकते. टिटवीचे आईबाप कधीकधी पिल्ले आपसांत वाटून घेतात. परवा दोन्ही पक्ष्यांची जागा एकाच वेळी नोंदवा.